ऋजुताला दोन्ही पाय आहेत

धार,
१६ जानेवारी २०२५

ती. आईंना,

साष्टांग नमस्कार लिहायला घेतला आणि थांबले. आठांतला एक पाय आता रबराचा आहे, तेव्हा सात अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. हसलात ना? मला माहीत आहे, पदर तोंडाला लावून हसलात, आणि मग इकडेतिकडे कुणी पाहिलं तर नाही ना, ते पाहिलंत.

इकडे सगळे ठीक. माझा भाऊ शार्दूल दुकानात असतो, अंजूवहिनीने संक्रांतीला गुळाच्या पोळ्या केल्या. तीळगूळ सोबत पाकिटात घातला आहे, पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा भुगा झाला असेल तर चमच्याने खा, पण गोड बोला.

फोन न करता पत्र का, असं विचाराल. एक तर तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. दुसरं म्हणजे फोन ज्यांच्या हातात असतो त्यांच्यासमोर सगळंच काही बोलता येत नाही. ह्यांचं सगळं शिक्षण हिंदीत झालं, मराठी अक्षर, त्यातून माझं, त्यांना लागत नाही. एरवी मी त्यावरून चिडवायची. आज म्हणते, बरंच झालं.

बातमी अशी की अपंगत्वाचं सर्टिफिकेट गेल्या उन्हाळ्यातच मिळालं. दवाखान्यात ज्या दिवशी डॉक्टरांचं बोर्ड बसतं त्या दिवशी शार्दूल मला घेऊन गेला. आमच्याआधी गंधवानीची एक बाई होती. तिने आपला वाढलेला मुलगा पाठीवर घेतला होता, बस बदलत बदलत आली होती, आणि तिला सांगितलं की फोटो चालणार नाही, दुसरा काढून पुढच्या वेळी या. माझ्या फोटोला काही खोट निघाली नाही. डॉक्टरांनी पाय पाहिला, म्हणजे नाही तो पाहिला, आणि टक्के लिहिले. इतके टक्के मला इंग्रजीत जन्मात पडले नव्हते.

पण दिव्यांग पेन्शनचं घोडं अडलं आहे. अर्ज गेल्या पावसाळ्यात दिला. दर खेपेला खिडकीवरचा बाबू म्हणायचा, "प्रक्रिया में है." मी म्हटलं असेल बाई, सरकारची प्रक्रिया, चालू दे. मागच्या आठवड्यात मात्र मी हटून बसले. म्हटलं, प्रक्रिया मला दाखवा, कशी दिसते ती. तेव्हा त्याने कॉम्प्युटर वळवला.

झालं आहे असं, की सर्टिफिकेट आधार कार्डावरून बनलं. आधार माझ्या लग्नाआधीचं, धारचं, त्यावर नाव विद्युल्लता. आणि तुमच्या घरच्या समग्र आयडीत, म्हणजे सरकार प्रत्येक कुटुंबातल्या माणसांची नोंद ठेवतं त्यात, श्रीपादची बायको ऋजुता. पेन्शनला दोन्ही लागतात.

बाबू म्हणाला, "मैडम, ये तो दो लेडीज़ हैं. एक विद्युल्लता, जिसका पाँव नहीं है. एक ऋजुता, जिसको कोई तकलीफ नहीं है. पेंशन किसको दें?"

"भिया, दोनों मैं ही हूँ."

"तो नाम काहे को बदला?"

मी सांगितलं, हमारे में शादी के दिन बदलते हैं. थाली में चावल फैलाकर सोने की अंगूठी से दुल्हन का नया नाम लिखते हैं, सासूजी रखती हैं. तो शांतपणे म्हणाला, "चावल पे लिखा हुआ हम कैसे मान लें?"

आई, मला राग यायला हवा होता, पण हसूच फुटलं. मला तुमचं ते ताट आठवलं. गुरुजी म्हणाले, नाव सांगा, आणि तुम्ही म्हणालात, विद्युल्लता हे नाव घरात हाक मारायला फार कडकडतं, ऋजुता ठेवा, एक तरी सरळ माणूस असू दे घरात. सगळे हसले. मीही हसले. मला ते नाव आवडलं होतं, खोटं कशाला सांगू.

आता मात्र मला त्या ऋजुताचा हेवा वाटतो. तिला दोन्ही पाय आहेत. ती देवासला तिसऱ्या मजल्यावर राहते, सकाळी तुमचा चहा करते, शाळेत शिकवायला जाते, येताना भाजी घेऊन जिना चढते, नवरात्रात टेकडीवर दर्शनाला जाते. सरकारदरबारी ती सुखात आहे. अडचण आहे ती विद्युल्लताची.

काम छोटंसं आहे. ह्यांनी एका शपथपत्रावर सही करायची, की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत आणि ती माझी बायको आहे. मी ह्यांना फोन केले, लागले नाहीत. वर्षअखेरीचं काम असेल, कारखान्यात रजा मिळत नाही, मला कल्पना आहे. दिवाळीलाही त्यामुळेच येणं झालं नाही. तुम्ही एकदा समोर बसवून सांगा. तुमचं ते ऐकतात.

पेन्शनची रक्कम सांगितली तर तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? पण आई, तो माझा पैसा असेल. दुखण्याच्या गोळ्या संपल्या की मी अंजूवहिनीला सांगते, ती शार्दूलला सांगते, तो लगेच आणतो, चेहऱ्यावर एक रेघ उमटू देत नाही. त्या न उमटलेल्या रेघेचं मला ओझं होतं.

जिन्यावर जपून उतरत जा. कठडा हलतो आहे, तो बसवून घ्यायला सांगा.

तुमची,
ऋजुता

---

धार,
२० मार्च २०२५

ती. आईंना, नमस्कार.

काल रंगपंचमी झाली. गल्लीतून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, गेली, टँकरने रंग उडवत होते, मी ओट्यावर बसले होते आणि कुणी माझ्यावर थेंब टाकेना. बिचारी, पाय नाही, असं त्यांच्या मनात. शेवटी मीच बादली ओढली आणि समोरच्या उदाजीरावांना पाठीमागून न्हाऊ घातलं. मग सगळे धावले. आज केस हिरवे आहेत.

लोणच्याची बरणी पोचली. तुमच्या शेजारचे गोपाळराव इकडे लग्नाला आले होते, त्यांनी आणून दिली. बरणीबरोबर चिठ्ठी नव्हती, शपथपत्रही नव्हतं. मी गोपाळरावांना विचारलं, घरी सगळे कसे आहेत? ते म्हणाले, ठीक आहेत, आणि बूट घालायला लागले.

मागच्या पत्रात मी बऱ्याच गोष्टी झाकून लिहिल्या होत्या. रजा मिळत नाही, वर्षअखेर आहे, फोन लागत नाही. मी तुम्हाला नव्हे, मलाच समजावत होते. आता सरळ लिहिते. तुम्हीच म्हणाला होतात ना, घरात एक सरळ माणूस असू दे.

महिन्याच्या सुरुवातीला मी पुन्हा कचेरीत गेले. म्हटलं, नवऱ्याचं शपथपत्र येईपर्यंत निदान ऋजुताचा कागद तरी छापून द्या. बाबूने देवासच्या कुटुंबाचा आयडी टाकला. त्यात दोन नावं आली. श्रीपाद, आणि यमुनाबाई.

"इसमें ऋजुता नाम की कोई है ही नहीं," तो म्हणाला. "पहले थी. दिसंबर में हटवा दी."

"किसने?"

"मुखिया ने. ओटीपी उन्हीं के मोबाइल पे जाता है, दीदी." आधी मॅडम म्हणायचा, तेव्हापासून दीदी म्हणायला लागला. मला ते अजिबात आवडलं नाही.

म्हणजे जानेवारीत मी तुम्हाला हौसेने लिहीत होते, की ती ऋजुता तुमच्याकडे सुखात राहते, तेव्हा तीही तिथे नव्हती. बाबूने पहिल्यांदा दाखवलं ते माझ्या अर्जासोबत लावलेल्या जुन्या कागदावरून. मी धारला अर्जामागे फिरत होते आणि देवासला एका बोटाने मला घराबाहेर काढलं होतं. मूलबाळ नाही, त्यामुळे बोट अडायलाही काही नव्हतं.

मी कचेरीच्या पायरीवरूनच दुसऱ्याच्या फोनवरून तुमच्या मुलाला फोन लावला. तो लगेच लागला. मी विचारलं. म्हणाले, "अगं, तुझंच काम लवकर होईल म्हणून काढलं. तिकडे जोडून घे ना शार्दूलच्यात." मी म्हटलं, मला सांगितलं का नाही? म्हणाले, विसरलो. मग म्हणाले, "और वैसे भी, तुझ्याने जिना चढणार नाही. मग इथे नाव ठेवून काय करायचं?"

आई, ते चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते अगदी समजुतीने बोलले. जुनं कपाट खाली देऊन टाकताना बोलतात तसं.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून मला थेट धारला आणलं तेव्हा काय ठरलं होतं ते तुमच्यासमोर ठरलं होतं. खालच्या मजल्यावर घर बघतो, तोवर माहेरी राहा. मी तोवर राहिले. खालच्या मजल्यावरची घरं देवासला नाहीत असं तर नाही.

आणि आणखी एक. गाडी कोण चालवत होतं हे मी आजवर कुणासमोर उच्चारलं नाही. पोलिसांसमोर नाही, शार्दूलसमोर नाही. ट्रक आला, झालं, एवढंच सांगत आले. गाडी श्रीपाद चालवत होता. मी मागून दोनदा म्हटलं होतं, ट्रकला पुढे जाऊ द्या. त्याची चूक झाली, माणसाची होते, त्याबद्दल मी त्याला कधी बोलले नाही आणि बोलणारही नव्हते. पण जो पाय त्याच्या गाडीवरून गेला त्या पायापायी त्याने माझं नाव काढावं, हे मी गिळणार नाही.

मी हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आहे. तेव्हापासून गंमत सुरू झाली आहे. एवढे महिने मला कुणी ओळखत नव्हतं, आता रोज सकाळी बाबूचा फोन येतो. "दीदी, नाश्ता हो गया? वो कंप्लेंट बंद करवा दो ना. ऊपर से डाँट पड़ती है." मी म्हणते, भिया, पेंशन चालू करवा दो, कंप्लेंट आपोआप बंद होईल. म्हणतो, वो प्रक्रिया में है. मी म्हणते, माझी कंप्लेंटही प्रक्रियेत आहे.

आता तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. रागावलात तरी चालेल, पण उत्तर द्या.

पहिली. नाव काढलं हे तुम्हाला ठाऊक होतं का? बरणी पाठवताना ठाऊक होतं का?

दुसरी. श्रीपादची सही मला आता नको. ते नाव त्याने ठेवलं नव्हतं. ताटात बोट तुमचं होतं, अंगठी तुमच्या हातातली होती. तेव्हा साक्ष तुम्ही द्यायची. साध्या कागदावर लिहा, की विद्युल्लता आणि ऋजुता एकच. तुमच्या मुलाला ते आवडणार नाही. तुम्ही त्याच्या घरात राहता, त्याचं खाता, मला सगळं कळतं. तरी मागते आहे.

आणि जाता जाता. मामंजी कृष्णराव, म्हणून तुम्हाला यमुना केलं असेल, हे आज माझ्या लक्षात आलं. एवढी वर्षं तुमच्या हाताखाली स्वयंपाक केला आणि कधी विचारलं नाही. माहेरी तुमचं नाव काय होतं हो?

उत्तराची वाट पाहते.

ऋजुता, किंवा जी कोणी असेन ती

---

धार,
११ जून २०२५

ती. आईंना, नमस्कार.

तुमचं पत्र एप्रिलात आलं, मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते पुरतं लढून झाल्यावर द्यायचं होतं.

पत्र उघडलं आणि पहिलं पान वाचून मी ते अंजूवहिनीच्या अंगावर फेकलं, हे कबूल करते. घरची गोष्ट कचेरीत नेलीस. कृष्णरावांच्या सुनेने खिडकीवर उभं राहावं, हे ऐकायला जिवंत राहिले. तक्रार मागे घे, तो मनाने वाईट नाही, मी त्याला सांगून नाव पुन्हा घालायला लावते. असं पानभर. मी म्हटलं, झालं, शेवटी मुलाचीच आई.

वहिनीने पान उलटलं. तिला मराठी धड वाचता येत नाही, तरी तिने बोट ठेवून वाचलं आणि मला हाक मारली.

मागच्या बाजूला तुम्ही काय लिहिलं आहे ते तुम्हाला मी सांगायला नको, पण मला पुन्हा लिहून पाहायचं आहे. "मी यमुनाबाई, माझे सुनेचे नाव लग्नात मीच बदलिले. विद्युल्लता व ऋजुता ही एकच बाई होय. तिचा पाय माझा मुलगा गाडी चालवीत असता व ती मागे बसली असता गेला. ती माझी सून आहे व मी जिवंत असेतो राहील." खाली सही, आणि सहीखाली, माहेरचे नाव द्वारका, मुक्काम धरमपुरी.

पहिल्या पानावर मला झोडपायचं आणि मागच्या पानावर माझ्या बाजूने उभं राहायचं! हे फक्त तुम्हालाच जमतं. आणि बरणीचं उत्तर दिलं नाहीत ते मला कळलं. ठाऊक होतं. म्हणूनच बरणी पाठवलीत. मला त्याचा राग आला होता, आता नाही. तुमच्या हातात त्या वेळी लोणचंच होतं.

आता कालची हकीकत. काल मंगळवार, म्हणजे जनसुनवाई, कचेरीत लोकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस, आणि तिथीने वटपौर्णिमा. सकाळी अंजूवहिनी नटून वडाला निघाली. मला म्हणाली, ताई, तुम्ही फेऱ्या मारू नका, पायाला त्रास होईल, नुसता नमस्कार करा. मी म्हटलं, पायाचं नाव पुढे करू नकोस. मला मारायच्या असत्या तर मी कुबडी घेऊन मारल्या असत्या. मला मारायच्याच नाहीत. ती बिचारी गोरीमोरी झाली. शार्दूल म्हणाला, चल, मी कचेरीत सोडतो.

मोठ्या दालनात अधिकारी बाई बसल्या होत्या, वयाने माझ्याहून लहान. बाबू शेजारी उभा. माझी पाळी आली तेव्हा त्याने घाईघाईने सांगितलं, मैडम, इनका पति का शपथपत्र नहीं है. मी तुमचा कागद पुढे केला.

त्यांनी उलटसुलट पाहिला. "ये मराठी है क्या? पढ़कर सुनाइए."

मी उभी राहून वाचलं, एकेक वाक्य मराठीत आणि मग हिंदीत. मेरा लड़का गाड़ी चला रहा था, इथे मी पाणी मागितलं. पाणी कुणी दिलं माहीत नाही. मी पाणी प्यायले आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण अर्धवट वाचलेलं मला चालणार नव्हतं. दालनात गडबड असते, पण तेवढं सगळ्यांनी ऐकलं.

बाईंनी विचारलं, "ये सास ने लिखा है? अपने लड़के के खिलाफ?"

मी म्हटलं, "खिलाफ नहीं लिखा, मैडम. सच लिखा है."

त्यांनी बाबूकडे पाहिलं. मग त्यांनी त्याला तिथेच ऑपरेटरकडे पाठवलं, म्हणाल्या, इनका नया बनाओ, आज ही, मेरे सामने. तुमचा कागद फाइलला लागला, त्यावर शिक्का बसला, तांदळावरचं नाव शेवटी सरकारने मानलं.

ऑपरेटर पोरगेला होता, टाईप करत करत विचारत गेला. "किसके परिवार में जोड़ना है? भाई के?"

शार्दूल म्हणाला, हो, माझ्यात घाला. तो मनापासून म्हणाला, आई. मी त्याच्या हाताला धरलं आणि म्हटलं, नाही रे. तुझ्यातून मला कुणी काढणार नाही, मला माहीत आहे. पण मला अशा जागी राहायचंच नाही जिथून काढता येतं.

"तो मुखिया कौन?" ऑपरेटर म्हणाला.

"मैं."

"और सदस्य?"

"मैं."

त्याने मान वर करून पाहिलं. "बस? एक ही?"

"फिलहाल एक ही."

"नाम कौन सा डालूँ?"

मी विद्युल्लता सांगितलं. तुमच्यावर राग धरून नाही. ऋजुता मी तुमच्यासाठी ठेवली आहे, ती तुम्ही हाक माराल तेव्हा ओ देईल. पण पाय विद्युल्लताचा गेला आहे, वणवण तिने केली आहे, तेव्हा पेन्शनवर हक्क तिचा.

मंजुरी काल संध्याकाळी निघाली. खात्यात अजून काही आलेलं नाही. आज सकाळी बाबूचा फोन आला, "दीदी, अब तो बंद कर दो." मी म्हटलं, मंजूर झालं आहे, मिळालेलं नाही. आल्यावर करू. गेल्या पावसाळ्यापासून जे अडलं ते द्यायचं की नाही तेही विचारून ठेवा. तो म्हणाला, आप बहुत जिद्दी हो. एवढ्या महिन्यांत त्याने लिहून घेण्यासारखं खरं हे एकच सांगितलं.

मागच्या आठवड्यात दुसरंही एक काम उरकलं. नालछ्याच्या रस्त्याला एक खोली घेतली आहे, पुढच्या आठवड्यात राहायला जाते. गणिताच्या शिकवण्या जमल्या आहेत, भाडं त्यातून निघेल. शार्दूल दोन दिवस बोलला नाही, आता स्वतःच रंग देतो आहे. खोली रस्त्याला लागून आहे, आवाज फार येतो. तुम्हाला त्याचा काही त्रास नाही. चढायला एकच पायरी आहे.

एवढ्यावरून तुम्हाला कळलंच असेल मी कुठे येते आहे. गोपाळराव परवा पुन्हा भेटले होते, त्यांना मी या वेळी बूट घालू दिले नाहीत. त्यांनी सांगितलं, की संक्रांतीपासून तुम्ही तो जिना उतरलेल्या नाहीत. देवळात नाही, हळदीकुंकवाला नाही. मुलगा सकाळी जातो, रात्री येतो, तुम्ही दिवसभर गॅलरीत. कानाचं सर्टिफिकेट काढायला तुम्हाला कुणी नेलं नाही, ते मला आधीच माहीत होतं. जिना मला चढता येत नाही म्हणून माझं नाव गेलं. तुम्हाला तो उतरता येत नाही, म्हणून तुमचं तिथे राहिलं आहे. फरक एवढाच.

मी तुम्हाला मुलाशी भांडायला सांगत नाही. तो तुमचा आहे, त्याने यावं, बसावं, मी चहा करीन. पण तुम्ही आता माझ्याकडे यायचं. गोपाळराव आणखी दोघांना घेऊन तुम्हाला खुर्चीत बसवून खाली उतरवतील, त्यांनी कबूल केलं आहे. पुढच्या बोर्डाला आपण दोघी जाऊ, एकीचा पाय, एकीचे कान, आणि तुम्हाला फोटो चालत नाही म्हणून परत पाठवलं तर मी तिथे काय करते ते तुम्हाला ऐकू आलं नाही तरी दिसेल.

लोक विचारतील, नवऱ्याने टाकलेल्या सुनेच्या घरी सासू कशी? विचारू देत. मी उत्तर देण्यात आता पटाईत झाले आहे.

माझ्या कुटुंबात दुसरी ओळ रिकामी आहे. येताना आधार कार्ड आणा. यमुनाबाई लिहायचं की द्वारका, ते या वेळी तुम्ही सांगायचं.

तुमची,
विद्युल्लता
कुटुंबप्रमुख